सुपडूचा पिक्चर

पुण्याहून पोरगा आला होता, पाठीला सॅक.
कोणीतरी सांगितलं त्याला, फैजपुरात
पिक्चर काढण्यासारखी गोष्ट आहे.
बस भो, म्हटलं. चहा सांगतो.
सरोज टॉकीजला एकतीस वर्षं रीळ चढवलंय मी,
कार्बनच्या उजेडानं एक डोळा गेलाय अर्धा,
पण कुठली गोष्ट इंटरव्हललाच उठून जाते
एवढं कळतं.

सुपडू तडवी. सातपुड्याच्या पायथ्याचा.
तिसऱ्या वर्षी देवी आल्या, जाताना कान घेऊन गेल्या.
उरला देह, केळीच्या खांबासारखा सरळ,
आणि तळपाय.
अर्ध्या कोसावर बैलगाडी निघाली
की हा वळून बघायचा.

वेडू बोदडे डफडं वाजवायचा.
बाकीचे वाजवणारे हौद्याच्या कडेला उभे,
हा चपला काढून आत मातीला टाच लावायचा.
हात गावासाठी, टाच सुपडूसाठी.
समोरचा पट काढायला वाकतोय असं दिसलं की टाच दुडकी,
दमून त्याची छाती वर आली की एकच ठोका, खोल,
आणि तेवढ्यात सुपडूचा कलाजंग.
लबाडी म्हणायचे काही जण.
असेल.

नऊ वर्षं. यावल, सावदा, रावेर, पार बऱ्हाणपूरपर्यंत.
फेटे, नारळ, एकदा पितळी घागर.
घागर वेडूच्या घरी ठेवली,
सुपडूकडे पाणी भरणारं कोणी नव्हतं.

पोरगा भराभर लिहीत होता. फायनल कुठली, काका?
पाडळशाची.
चांदीचं कडं लावलेलं. समोर नेपानगरचा गडी,
मान नव्हतीच त्याला, डोकं थेट खांद्यावर.
त्या साली पंचांनी बँड सांगितला होता,
लाल कोट, पिवळे झुपके, क्लॅरिनेटवर पिक्चरची गाणी.
डफडं नको म्हणाले. शोभत नाही.
शोभत नाही म्हणजे काय, ते वेडूला
फोड करून सांगावं लागलं नाही.
तो निंबाखाली जाऊन बसला.

सुपडू उतरला. माती कपाळाला लावली.
मग थांबला.
पाय आपटून पाहिला, आपण बंद रेडिओला
थापटतो तसा.
बँड जोरात. पाच हजार तोंडं उघडी.
मातीत काहीच नाही.
वाकून त्यानं तळहात टेकवला.
मी बाभळीवर चढलेलो, काटे मांडीत,
तो पाठीचा कणा अजून दिसतो मला.
एवढी रिळं फिरवली, असा शॉट
कोणी घेतलेला पाहिला नाही.

तसाच लंगोटावर निघाला. माणसं बाजूला होत गेली.
वेडूसमोर जाऊन मांडी घालून बसला.
कडं नेपानगरला गेलं.

पोरानं पेनाला टोपण लावलं.
पुढच्या वर्षी हरवलं असेल ना त्या गड्याला?
नाही रे भो. पुन्हा उतरलाच नाही.
मग वेडूला काही मान, सत्कार?
वेडूला दमा मिळाला. त्यातच गेला.
क्लायमॅक्स कमी पडतो काका, म्हणाला,
एखादी मुलगी घालता येईल का यात?
चहा संपला होता. स्टँडवर सोडलं त्याला.

आता सरोज टॉकीजमध्ये केळी पिकवतात.
बाल्कनीपर्यंत कॅरेट, पडद्याच्या जागी
गार हवेचे पंखे. रात्री राखणीला मी आणि सुपडू.
एकाला दिसत नाही धड, दुसऱ्याला ऐकू येत नाही,
मालकाला दोघं मिळून एक माणूस पडतो.

परवा रात्री दोनला उठून आला, अनवाणी.
माझा हात धरून फरशीला टेकवला.
मला नुसता गारठा लागला.
त्यानं मान हलवली. माझ्या मनगटावर
दोन बोटांनी ठेका धरला, मधेच एक मात्रा गाळली.
पुन्हा धरला. पुन्हा तीच गाळली.
आणि माझ्याकडे बघत राहिला,
वाजवणाऱ्याची चूक पकडल्यासारखा.

सकाळी मिस्त्री आला.
कॉम्प्रेसरचा पट्टा
एका जागी उसवला होता.